पूनावाले अंकलची बायको

सुमित्रा वाळिंबे आमच्या समोरच्या दारात राहते. राजधानीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मोजकीच. सणाला पुरणयंत्र मागायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, आधी समोरची बेल वाजवायची असा आमचा शेजार. म्हणून ही गोष्ट मला कळली. काही तिने सांगितली, काही मागाहून रसिकाने.

सुमित्रा केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर आहे. रोज मेट्रोच्या ब्लू लाइनने बाराखंबाला उतरते आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात चालत जाते. अंगाने उंच, आवाज खणखणीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन काकांना "पहले बैठिए" म्हणून खाली बसवणारी बाई ती. ती आजारी पडल्याचं मला तरी आठवत नाही.

तिचा नवरा उल्हास, मूळचा पुण्याचा, अगदी उलटा. तोही सरकारी नोकरीतच होता, आता रिटायर झाला आहे. माणूस भला, पण बोलणं म्हणून नाही. गणपतीत खुर्च्या मांडेल, शिडीवर चढून माळा लावेल, पण कुणी माइक पुढे केला की कानाच्या पाळ्या लाल. "आमच्याकडे मी दोघांचं बोलते," असं सुमित्रा हसून म्हणायची. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तिला ते फार जड गेलं होतं. मग स्वभावाला औषध नाही म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

त्यांची एकुलती एक मुलगी रसिका नोएडात एका आयटी कंपनीत आहे. दीडेक वर्षापूर्वी तिला एकाआड एक शनिवारी ऑफिसचं काम निघू लागलं. दुपारी जायची, रात्री जेवणवेळ टळून गेल्यावर यायची. कॅबने एकटीने नको म्हणून उल्हास तिला गाडीने न्यायचा आणि तिथेच कँटीनमध्ये पुस्तक वाचत थांबायचा. सुमित्राला त्याचं फार कौतुक. "बोलत नाही, पण बापाचं काळीज आहे हो," मला म्हणाली होती. दोघांसाठी ती थालीपीठं करून द्यायची. एकदा रसिकाची पाठ काळीनिळी झाली होती. ऑफिसच्या जिन्यावरून घसरले, म्हणाली. सुमित्राने रोज संध्याकाळी तिची पाठ शेकून दिली.

आता सुमित्राच्या भावाबद्दल सांगायला हवं. तिचं माहेर कराडचं. थोरला भाऊ सुधन्वा मोटरसायकलवेडा. जुनी राजदूत घेतली होती आणि उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र आटलं की तो ती गाडी वाळूत पळवायचा. सुमित्रा मागे बसायची, आणि घरी कुणाला न सांगता स्वतःही चालवायची. पुढे एका सकाळी आईची औषधं आणायला तो साताऱ्याला निघाला आणि महामार्गावर ट्रकखाली आला. ती तेव्हा कॉलेजात होती. या विषयावर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. कुणाशीच नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा तिने उल्हासला सगळं सांगितलं होतं. ऐकून तो काही बोलला नाही, नुसता तिचा हात धरून बसला. त्याच्या न बोलण्याबद्दल तिला कृतज्ञता वाटली ती त्या एकाच दिवशी.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. तिच्या सेक्शनला वर्षभरापूर्वी निर्मल चौधरी नावाची बाई बदलून आली होती. तिचं सासर दादरीच्या पलीकडचं. दोघींचं चांगलं जमलं. निर्मलच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, आपल्या शेताचा एक तुकडा मोटरसायकलच्या शर्यतींना दिला होता. मातीचा ट्रॅक, दिव्यांचे खांब, शनिवारी संध्याकाळी शर्यती.

"मेला लगता है पूरा," निर्मल म्हणाली. "जलेबी खाएँगे, थोडा शोर सुनेंगे. शनिवार को तू अकेली बैठी रहती है. चल."

सुमित्रा आधी नको म्हणाली. घरी येऊन मात्र ती विचार करत राहिली. सुधन्वाला खऱ्या ट्रॅकवर गाडी पळवायची फार हौस होती, आणि तसा ट्रॅक त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. मग आपण बघून यावं, असं तिला वाटलं. शनिवारी सकाळी तिने उल्हासला सांगितलं, "मी आज निर्मलच्या गावी जाऊन येते."

"बरं," तो म्हणाला. कुठलं गाव, हे त्याने विचारलं नाही.

त्या दोघी पोहोचल्या तेव्हा सूर्य बुडायला आला होता. चहूकडे गव्हाची हिरवी शेतं आणि मधोमध तपकिरी मातीचा एक वेडावाकडा पट्टा, त्यावर उंचवटे घातलेले, वळणांवर जुने टायर रचलेले. धूळ बसावी म्हणून टँकर पाणी मारत फिरत होता. बसायला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने लावल्या होत्या. निर्मलची थोरली जाऊ आधीच एका ट्रॉलीत सतरंजी टाकून बसली होती. तिने सुमित्राला हात देऊन वर घेतलं आणि हातात गरम जिलबीचा द्रोण ठेवला. ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला. सुमित्रा मला म्हणाली, "तो वास आला आणि मला इतकं बरं वाटलं. वाटलं, उगाच इतकी वर्षं लांब राहिले."

कर्ण्यातून एक पुरुष हिंदीत बोलत होता, आणि लोक हसत होते.

"ट्रैक पर पानी मारा है, अब जो फिसलेगा वो अपनी जिम्मेदारी पर फिसलेगा! और जो अपने फूफाजी की बाइक बिना पूछे लाया है, वो हेल्मेट ना उतारे. फूफाजी तीसरी ट्रॉली में बैठे हैं!"

सुमित्राही हसली. काय मजेदार माणूस आहे, असं तिच्या मनात आलं. पहिली शर्यत सुटली, गाड्या एकदम उंचवट्यावरून हवेत उडाल्या, आणि कर्ण्यातला आवाज चढला, "बघा बघा बघा!"

आणि साऱ्या ट्रॉल्यांमधून, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, दादरीकडची ती माणसं एका सुरात ओरडली, "बघा बघा!"

सुमित्राच्या हातातली जिलबी तशीच राहिली. तिने पहिल्यांदा त्या आवाजाकडे नीट कान दिला. मग ट्रॅकच्या मध्यावर बांबूंचा माचा होता तिकडे पाहिलं. माच्यावर दिवा होता. दिव्याखाली, एका हातात माइक आणि दुसरा हात हवेत उडवत, उल्हास उभा होता.

"ये कौन हैं?" तिने विचारलं.

"ये? हमारे पूनावाले अंकल," थोरली जाऊ म्हणाली. "इनके बिना तो रेस ही नहीं जमती. इतना हँसाते हैं, और अंदर से देखो तो कितना दुखी आदमी." तिने आवाज खाली आणला. "घरवाली बिस्तर पर है बेचारे की. उसका भाई मोटरसाइकिल पर मर गया था, तब से दिमाग ठीक नहीं. इंजन की आवाज सुनते ही चीखने लगती है. बेटी रेस करती है, तो बाप-बेटी छुपकर आते हैं. मैंने माता के मंदिर में चुनरी चढ़ाई है उसके नाम की."

"भाई का नाम बताया उन्होंने?"

"सुधनवा. ऐसा ही कुछ. बताते-बताते रो पड़े थे उस दिन. हम सब रो पड़े."

निर्मल दुसऱ्या बाजूला कुणाशी तरी बोलत होती. तिने हे ऐकलं नाही.  मला सांगताना सुमित्रा इथे थांबली. "पोरगी गाडी चालवते, याचं मला काही वाटलं नाही गं," ती म्हणाली. "खोटं बोलले, तेही गिळलं असतं. पण माझा दादा... मी एकदाच, एकाच माणसाजवळ काढला होता तो विषय. आणि तो त्या ट्रॉल्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक होता."

मग मुलींची शर्यत आली. सहाजणी होत्या. उल्हासने एकेकीचं नाव पुकारलं आणि शेवटी म्हणाला, "और अब हमारी बिटिया!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. हेल्मेट आणि चिखलाने माखलेले कपडे, तरी उभं राहायची ढब पाहून सुमित्राने रसिकाला ओळखलं. झेंडा पडला. पहिल्याच वळणावर रसिका मागे पडली, दुसऱ्या वळणावर मागचं चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. क्षणात ती उठली, गाडी उचलली, पुन्हा निघाली. मग मोठ्या उंचवट्याआधी ती सीटवरून उठून फूटरेस्टवर उभी राहिली, कोपरं बाहेर, अंग सैल, आणि एकीला हवेतच मागे टाकलं. पुढच्या फेरीत अजून एकीला. तिसरी आली.

सुमित्रा म्हणते, तिला भीती वाटलीच नाही. उलट त्या उंचवट्यावर तिच्या तोंडातून आरोळीच निघणार होती, "शाब्बास!" म्हणून. पण ती ओठ घट्ट मिटून बसली. कारण ती ओरडली असती आणि मागाहून ती कोण हे कळलं असतं, तर लोकांनी हेच म्हटलं असतं, की बघा, खरंच ओरडते. "माझ्या पोरीसाठी मला ओरडताही आलं नाही," ती म्हणाली. हे सांगताना ती रडली. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

मध्यंतर झालं. थोरली जाऊ म्हणाली, चलो, अंकल से मिलवाती हूँ, तुम्हारी तरफ के हैं. सुमित्रा उठली आणि तिच्यामागे चालू लागली. निर्मलही आली. उल्हास माच्यावरून खाली उतरून कागदी कपातला चहा पीत उभा होता, चारपाच माणसांच्या घोळक्यात, मोठ्याने काहीतरी सांगत. सुमित्राला पाहताच त्याचं बोलणं जागच्या जागी तुटलं.

"अंकल, ये सुमित्रा जी हैं, निर्मल के दफ्तर से. महाराष्ट्र की हैं. जानते हैं क्या आप?"

उल्हासने तिच्याकडे पाहिलं, मग त्या माणसांकडे. "हाँ, जानता हूँ," तो म्हणाला. "ये... रिश्तेदार हैं हमारी."

निर्मलने वाळिंबे हे आडनाव ऑफिसच्या पाटीवर रोज वाचलेलं, पण इथे ते कुणी उच्चारत नव्हतं, आणि या माणसाला ती कधी भेटली नव्हती. तिला काही उलगडलं नाही. ती हसून नमस्ते म्हणाली. सुमित्राने हात जोडले नाहीत. 

तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून रसिका धावत आली, बापाला काहीतरी सांगायला. आईला पाहून ती थबकली.

"आई!"

"कौन आई?" थोरल्या जावेने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणीतरी बाई आली.

"मैं," सुमित्रा म्हणाली. "हमारे यहाँ माँ को आई कहते हैं. मैं इसकी माँ हूँ. इनकी पत्नी. और मैं बीमार नहीं हूँ, बहनजी. आपने मेरे लिए चुनरी चढ़ाई, आपका बहुत एहसान."

 निर्मलने पुढे होऊन तिचा दंड धरला. रसिका रडू लागली. सुमित्राने तिच्या गालावरचा चिखल पदराने पुसला, "छान चालवलीस," एवढंच म्हणाली आणि निर्मलच्या गाडीकडे चालू लागली. उल्हास मागून आला. "सुमित्रा, गाडीत बस आपल्या. घरी जाऊन बोलू."

"घरी तुम्ही बोलता?" तिने विचारलं. ती निर्मलबरोबरच परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं डायनिंग टेबलाशी बसले. रसिका दारात उभी होती. उल्हास म्हणाला, "तुला त्रास होऊ नये म्हणून केलं. सुधन्वाचं आठवून तू..."

"मी कधी म्हटलं होतं का, रसिकाने गाडी चालवू नये? एकदा तरी?"

"नाही."

"मग विचारायचं होतं."

रसिका म्हणाली, "आई, मी पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. बाबा म्हणाला नको. मग तिथे सगळे विचारायला लागले, मम्मी क्यों नहीं आती, मम्मी कहाँ है, आणि बाबाने ते सांगितलं. मला मुळीच आवडलं नव्हतं."

"पण तू शेजारी उभी होतीस ना?"

"हो," रसिका म्हणाली.

 मग उल्हास जे म्हणाला, ते त्याने म्हटलं नसतं तर कदाचित बरं झालं असतं. "तिथे एकदा माइकवाला आला नाही, म्हणून मला उभं केलं. आणि मी बोललो. लोक हसले. मला कळेना हा कोण बोलतोय. मला वाटलं, तू आलीस की मी परत आपला हा होईन. गप्प. म्हणून तू यायलाच नको होतीस मला. आजारी आहे म्हटलं की कुणी परत विचारत नाही."

"म्हणजे त्रास माझा नव्हता. मीच होते तो त्रास."

तो नाही म्हणाला नाही.

सुमित्राने आदळआपट केली नाही. तिने माहेरी जाण्याची भाषा केली नाही, मला बोलावून तक्रार सांगितली नाही. मला हे कळायलाच दोनतीन आठवडे गेले. तिने एवढंच केलं, की पुढच्या शर्यतीच्या शनिवारी रसिकाबरोबर स्वतः गेली. उल्हासला चला म्हणाली नाही आणि येऊ नका असंही म्हणाली नाही. तो गेला नाही. त्यानंतरही कधी गेला नाही. तिथे आता दुसरं कुणी माइकवर बोलतं, तितकी मजा येत नाही असं लोक तिला तोंडावर सांगतात. ती ऐकून घेते. थोरल्या जावेच्या शेजारी तीच सतरंजी, तीच ट्रॉली. पहिल्याच दिवशी त्या बाईने हळूच विचारलं, "भाई की बात भी झूठ थी?"

"नहीं," सुमित्रा म्हणाली, "वो सच है." आणि मग तिने त्या बाईला सुधन्वाबद्दल सगळं सांगितलं. नदीच्या वाळूतली राजदूत, ती स्वतः चालवायची ते, आणि साताऱ्याचा रस्ता. न रडता सांगितलं. ती बाई म्हणाली, अंकल ने ये नदीवाली बात तो बताई ही नहीं थी.

उल्हास घरात बोलायचा प्रयत्न करतो. बाजारातून आला की भाजीवाल्याचा एखादा किस्सा सांगतो, नक्कल करून. चांगली करतो. मी ऐकली आहे, हसलेही आहे. सुमित्रा ऐकते आणि म्हणते, "हो का?" पूर्वी अशा एका किश्श्यासाठी तिने काय दिलं असतं. पण आता तिला तो कर्ण्यातला माणूस वाटतो, कुणीतरी परका, आपल्या घरी जेवायला आलेला.

ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी सरावात रसिका पडली आणि तिचं गळपट्टीचं हाड मोडलं. तिने पहिला फोन आईला केला. सुमित्राने माझी बेल वाजवली आणि आम्ही दोघी नोएडाच्या हॉस्पिटलात गेलो. उल्हास दूध आणायला खाली गेला होता, त्याला ठाऊक नव्हतं. रसिका पलंगावर एक हात गळ्याशी झोळीत बांधून बसली होती, चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आई, बाबाला आत्ता नको सांगू. घाबरेल तो. प्लास्टर वगैरे होऊ दे, मग सांगू काहीतरी."

सुमित्रा पर्समध्ये फोन शोधत होती. ती थांबली.

"काहीतरी नाही," ती म्हणाली. "जे झालं ते सांगायचं."

तिने उल्हासला फोन लावला. रसिका पडली आहे, हाड मोडलं आहे, जिवाला धोका नाही, अमुक हॉस्पिटल, दुसरा मजला. सरळ चार वाक्यं. पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो, या. सावकाश गाडी चालवा."

तो आला तेव्हा घामाने भिजला होता. पायात घरातल्याच चपला. रसिकाच्या डोक्यावरून हात फिरवून तो बाहेर बाकावर येऊन बसला, सुमित्राच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मी थोडी पलीकडे उभी होते. तो तिला म्हणाला, "तू मला कळवलंस."

"कळवणारच," ती म्हणाली.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तू मला माफ केलंस का?"

"नाही," सुमित्रा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "रसिकाला केलं. ती लहान आहे. तुम्हाला नाही करता आलं अजून. येईल की नाही, ते मला माहीत नाही."

मग नर्सने बिल भरायला कुणीतरी यावं म्हणून हाक मारली, आणि तो उठून गेला.